अर्ध्यातलं अर्धं

शुक्र., २० सप्टें. २००२

सकाळी अँड्र्यूबरोबर करामाच्या मासळीबाजारात. हामूर परवडेना, शेरी घेतली. घरी आल्यावर फिलू पिशवीत डोकावून म्हणाली, "दोन पुरुष पाठवले आणि नुसते काटे घेऊन आले." शुभदा हसली, पण मसाला तिनंच लावला. जेवण नेहमीसारखं हॉलमध्ये, जमिनीवर पेपर अंथरून. आम्ही नवरा-बायको नि लेक ईशा, आणि शेजारच्या खोलीतले लोपीस नवरा-बायको, अँड्र्यू नि फिलू.

आज अंथरलेला पेपर मुद्दाम निवडला होता. आमच्याच पेपरची प्रॉपर्टी पुरवणी. परदेशी माणसाला दुबईत घर विकत घेता येणार ही बातमी आता जुनी. ही स्कीम नवी. गेल्या आठवड्यात पान लावताना तीनदा वाचली ती जाहिरात म्हणून. चौथ्यांदा वाचली ती गिऱ्हाईक म्हणून. अर्धं घर आपण घ्यायचं, अर्धं कंपनीकडे राहणार. कंपनीच्या अर्ध्याचं भाडं भरत राहायचं, आणि जमेल तसा तोही हिस्सा विकत घ्यायचा.

मला एकट्याला अर्धंही झेपणारं नाही. अँड्र्यूला तर नाहीच. हॉटेलात बँक्वेट सांभाळणाऱ्याचा पगार किती ते मला माहीत आहे.

"मग अर्ध्यातलं अर्धं तुम्ही घ्या, अर्धं आम्ही," तो बोटं पुसत म्हणाला. चेष्टेत.

मग कोणीच हसलं नाही.

सोम., २३ सप्टें.

शु. तीन दिवस काही बोलली नव्हती. आज चहा गाळताना: "आपल्या वाट्याचा पहिला हप्ता तीस हजार दिरहम? म्हणजे चार लाख रुपये." थोडं थांबून, "चार लाखांत पुण्यात..."

तिचा भाऊ कोथरूडला फ्लॅट बघून ठेवतो दर वर्षी. दर वर्षी तो दुसऱ्याला जातो.

"पुण्याला आपण कधी जाणार आहोत?" मी.

"तेच विचारतेय मी," ती.

ऑफिसला उशीर होत होता. तिथंच राहिलं.

शुक्र., २७ सप्टें.

दुपारी बेल वाजली. दोनदा, म्हणजे ओळखीचं कोणी नाही. फिलूनं दारातल्या स्वतःच्या आणि अँड्र्यूच्या चपला उचलल्या, दोघं आपल्या खोलीत, दार बंद. ईशानं दार उघडलं. मीटर बघायला आलेला माणूस.

"हाउ मेनी पीपल लिविंग हियर?"

"वी आर ओन्ली थ्री."

ईशाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. बोलायला लागल्यापासून हेच सांगत आलीय, बारा वर्षांची झाली. करार माझ्या एकट्याच्या नावावर. आत दुसरं कुटुंब ठेवलंय हे मालकाला कळलं तर सगळ्यांनाच बाहेर काढेल. या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत हाच प्रकार, कोणी कोणाला विचारत नाही. फोनवरही हेच उत्तर. लोपीस? नो, राँग नंबर.

माणूस गेल्यावर अँ. बाहेर आला. "अकरा वर्षं झाली, मी अजून या देशात उतरलोच नाही," म्हणाला आणि टीव्ही लावला.

शनि., ५ ऑक्टो.

चौघंही कंपनीच्या ऑफिसात गेलो. जागा जबल अलीच्या रस्त्यावर, आत्ता तिथं नुसती वाळू आणि कुंपण. पण ऑफिसात एक फ्लॅट नमुन्यासाठी मांडलाय, तीन बेडरूमचा. फिलूनं किचनचा एकेक ड्रॉवर उघडून बघितला. शु. खिडकीशी उभी होती. खिडकीत समुद्राचं मोठं छापील चित्र लावलेलं.

रीमा नावाची लेबनीज मुलगी आमच्याशी बोलली. चटपटीत, खोटं हसत नाही. दोन कुटुंबं मिळून अर्धा हिस्सा घेऊ शकतात, पण एकच अट: ती आधीपासून एका पत्त्यावर राहत असली पाहिजेत. स्कीम राहणाऱ्यांसाठी आहे, दलालांसाठी नाही. तुम्ही खरंच एकत्र राहता का ते आम्ही तपासू.

"मॅडम, एका फ्रिजमधून जेवतो आम्ही," अँ. म्हणाला.

रीमानं हे लिहून घेतलं की काय, कळलं नाही.

बसमध्ये फिलू शु.ला म्हणत होती, "ओटा उंच आहे ग. तुला बरा, मला स्टूल लागेल." शु. म्हणाली, "बघू."

बुध., १६ ऑक्टो.

रात्रभर... नाही, एक दिवस आणि एक संध्याकाळ बोलणी. शु. शेवटी म्हणाली, "तुमचं ठरलंय ना? मग भरा." हो नव्हतं, पण नाहीही नव्हतं. मी हो धरलं.

फाइल दिली. चार सह्या. नातं काय, हा रकाना होता. मी 'मित्र' लिहिलं. अँड्र्यूनं वाकून बघितलं. "बस्स? इतकंच? माझ्या सख्ख्या भावांबरोबर वसईच्या घरात माझा वाटा एका खिडकीएवढा आहे, आणि त्या रकान्यात 'भाऊ' लिहितात."

मंगळ., ५ नोव्हें.

काल लक्ष्मीपूजन. चकल्या शु.च्या, करंज्या फिलूच्या. फिलूच्या नाताळातही तशाच असतात, खोबरं जास्त. शेजारच्या गुजराती भाभींनी ताट दिलं, आम्ही दिलं. ईशा दोन्ही खोल्यांत पणत्या ठेवत होती. विचारलं, "इन द न्यू हाउस, डू आय गेट माय ओन रूम?" फिलूनं लगेच, "मिळणार, तिसरी खोली तुझीच." शु. तेव्हा गॅसपाशी होती. नवीन घर, असं सगळे बोलतात आता. मीसुद्धा.

उद्यापासून रोजे. ऑफिसचे तास कमी, पानं तितकीच.

मंगळ., १९ नोव्हें.

घोटाळा झाला.

रोज्यांमुळे शु.च्या कामावरची जबल अलीची बस दुपारीच परत येते. घरी ती एकटीच होती. फोन वाजला. बाईचा आवाज, इंग्रजी: मिस्टर अँड्र्यू लोपीस इथं राहतात का?

"नो. देअर इज नो सच पर्सन हियर. राँग नंबर."

फोन ठेवला.

संध्याकाळी सगळे जमल्यावर तिनंच सांगितलं. पहिल्यांदा कोणाच्या काही लक्षात येईना. मग फिलूनं कपाळावर हात मारला. "अगं, ती रीमा असणार!" आणि हसत सुटली. अँ.ही. ईशा म्हणाली, "मम्मा, यू प्लेड द गेम विथ द राँग पर्सन." मी हसलो, पण मला बरं वाटत नव्हतं.

शु. हसत नव्हती. दमली असेल.

गुरु., २१ नोव्हें.

रीमाला फोन केला, समजावलं. ती ऐकत राहिली. सभ्यपणे म्हणाली, "मिस्टर कर्णिक, तुमच्या घरातून आम्हाला सांगितलं गेलं की हा माणूस इथं राहत नाही. मी काय लिहू?" फाइल थांबवलीय. पुरावा हवा.

पुरावा काय देणार? करार माझ्या नावाचा. फोन माझ्या नावाचा. वीज-पाणी माझं. अँड्र्यूची सगळी पत्रं हॉटेलच्या पोस्टबॉक्सवर, फिलूची ती कामाला जाते त्या दाताच्या दवाखान्याच्या. ते दोघं इथं राहतात याचा एक कागद राहू नये म्हणून इतकी वर्षं काळजी घेतली, आणि काळजी चोख घेतली.

"मालकाचं पत्र चालेल," रीमा म्हणाली. "एवढं एकच."

शुक्र., २२ नोव्हें.

जेवताना तोच विषय. मालकाकडून पत्र आणायचं म्हणजे आधी त्याला सांगायचं की अकरा वर्षं तुम्हाला फसवलं. तो पत्र देईल का माहीत नाही. करार फेब्रुवारीअखेर संपतो, तो पुन्हा देणार नाही हे मात्र जवळजवळ नक्की. जे घर अजून वाळूत आहे त्याच्यासाठी जे डोक्यावर आहे ते घालवायचं.

अँ.: "सोडून द्या. आहे ते काय वाईट आहे?"

फिलू: "आहे ते काय आहे, ते सांग ना. बेल वाजली की मी चपला उचलते. पन्नाशीला आले."

असं ती कधी बोलली नव्हती. उठून आत गेली. दार आपटलं नाही, पण लावलं. ईशा तिच्या मागोमाग गेली.

शु. भात कालवत होती, खात नव्हती.

शुक्र., २९ नोव्हें.

ईदनंतर मालकाकडे जायचं ठरलं, अँ.ही तयार. इफ्तारच्या वेळेला रस्ते रिकामे होतात. शु. म्हणाली, चालायला जाऊ. दोघंच निघालो. पोस्ट ऑफिसपर्यंत चालत गेलो. मग:

"फोनवर नाही म्हटलं ते सवयीनं. खरंच सवयीनं. पण रिसीव्हर ठेवल्या ठेवल्या कळलं की ही कंपनीची बाई. नंबर टेबलावर होता. परत फोन नाही लावला. ते सवयीनं नाही."

रस्ता ओलांडला.

"भाजी निवडली. भांडी घासली. म्हटलं, चला, सुटले. एक किचन असेल पुढं कधीतरी, छोटं का होईना, पण माझं एकटीचं. डबा ठेवलाय तिथंच सापडेल असं. मग फिलू कामावरून आली. चपला काढताना पहिलं विचारलं काय? 'आला का गं फोन?' रोज विचारायची. तिच्या तोंडाकडं बघवेना."

"म्हणून सगळ्यांना सांगितलंस?"

"अर्धंच सांगितलं."

मशिदीतून माणसं बाहेर पडायला लागली होती, रस्ता पुन्हा भरू लागला. मी विचारलं, आता काय हवंय तुला? माझ्या लक्षात आलं की हे मी सप्टेंबरात विचारायला हवं होतं.

म्हणाली, "माहीत नाही अजून. पण जे होईल ते माझ्या त्या फोनमुळे नको व्हायला. मालकाकडे मी येणार. बोलणार मी."

"फिलूला सांगणार आहेस?"

"सांगू?"

मी म्हटलं, आत्ता नको. बरोबर म्हटलं की नाही, कळत नाही.

मंगळ., १० डिसें.

ईदची सुट्टी संपली. मालकाचं ऑफिस देराला, खाली टायरचं दुकान. मॅनेजर कोया, मलबारी, वर्षातून एकदा भाड्याचे चेक घेताना भेटतो तोच. आज आत सोफ्यावर खुद्द म्हातारा मालक बसलेला, हातात माळ, समोर खजूर नि कहावा, म्हणजे अरबी कॉफी. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा बघितलं.

अँ. आणि फिलू खाली दुकानापाशी थांबणार होते. शु. म्हणाली, "लपायचं झालं आता. चला." चौघंही आत.

शु. हिंदीत बोलली. न थांबता. "हम एक फॅमिली नहीं, दो फॅमिली रहते हैं. ग्यारह साल से. आपको कभी बताया नहीं. अब एक चिठ्ठी चाहिए, उसमें सच लिखना है, इसलिए आए."

कोयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हाताऱ्याकडे वळून तो भराभर अरबीत बोलला. म्हाताऱ्यानं हात वर केला. त्याची हिंदी कोयापेक्षा बरी निघाली. जुन्या लोकांना येते.

"किचन कितना?"

"एक," शु. म्हणाली.

"दो औरत?"

"हां."

तो एकदा शु.कडे, एकदा फिलूकडे बघत राहिला. "मेरा घर में," तो सावकाश म्हणाला, "मेरा औरत, भाई का औरत. इतना बडा किचन. एक साल." दोन्ही हातांनी काहीतरी फुटल्यासारखं केलं आणि खोकेपर्यंत हसला.

आम्हीही हसलो. मग कोयानं हिशोबी आवाजात सांगितलं, "चिठ्ठी मिलेगा. लेकिन मेरे कागज पे दो फॅमिली आ गया तो मैं रिन्यू नहीं कर सकता. फरवरी में खाली करना."

अँड्र्यूनं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा आता हसत नव्हता. "खलास," इतकंच म्हणाला. रागानं नव्हे, ठरलं, अशा अर्थानं. उठताना खजुरांची बशी फिलूपुढं केली.

जिना उतरलो. खाली आल्यावर फिलू म्हणाली, "खजूर चांगले होते."

शनि., १४ डिसें.

पत्र मिळालं. अरबीत आणि इंग्रजीत. इंग्रजीत तीन चुका; हात शिवशिवले, सुधारल्या नाहीत. रीमाकडे नेऊन दिलं. म्हणाली, कमिटीपुढं ठेवते, वेळ लागेल. आणि नवीन पत्ताही एकच असला पाहिजे, नाहीतर फाइल बंद.

म्हणजे आता आधी दुसरं घर.

गुरु., ९ जाने. २००३

घरं बघतोय. चार ठिकाणी नाही. दलाल फोनवर "हबीबी, वेलकम" म्हणतो, आणि दोन नावं घालायची म्हटलं की चावी खिशात टाकतो. एक म्हणाला, एकच नाव घाला ना, दुसऱ्यांना गुपचूप ठेवा, सगळे तेच करतात. अँ.: "त्यातलाच अनुभव आहे आम्हाला, सर्टिफिकेटपण मिळालंय."

शारजात स्वस्त आहे. पण शारजाहून शु.नं जबल अलीला जायचं म्हणजे पहाटे निघून संध्याकाळी घरी. नको.

एक गोष्ट नोंदवतो. दुसऱ्या घरात दलालानं विचारलं, किचन छोटं आहे, चालेल? मी बोलायच्या आत शु. म्हणाली, "दोघी उभ्या राहून बघतो." फिलूला हात धरून आत घेऊन गेली. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, वळल्या, वाकल्या. "नाही चालणार," शु. बाहेर येऊन म्हणाली. "हिच्या कोपराचा मार खाईन मी."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं बघितलं नाही.

मंगळ., २८ जाने.

कुसैसला मिळालं. दुसरा मजला, तीन खोल्या, खाली छोटी बाग. भाडं जास्त. घरमालकीण पॅलेस्टिनी बाई, शाळेत शिकवते. दोन नावं म्हटल्यावर तिनं फक्त विचारलं, "भांडता का?"

"हो," शु. आणि फिलू एकदम.

"गुड," म्हणाली. "न भांडणारे भाडेकरू न सांगता जातात."

करारावर दोन्ही नावं. अँ.नं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं, बापाच्या नावासकट.

शुक्र., २८ फेब्रु.

काल सामान हललं. ट्रक एकच, तोही पुरा भरला नाही. फ्रिज कोणाचा यावर जिन्यात वाद. आम्ही म्हणतो त्यांचा, ते म्हणतात आमचा. निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेला, कधी ते कोणालाच आठवेना. वर चढवणारे पठाण कंटाळले, "यल्ला, यल्ला, किसी का भी हो."

ऑफिसात नुसती युद्धाची पानं. इराकवर कधी, याचेच अंदाज. काहींनी बायकापोरं गावी पाठवली. सासऱ्यांचा पुण्याहून फोन, "मुलीला घेऊन या." शु. म्हणाली, "बाबा, पडदे लावायचेत अजून."

मंगळ., ४ मार्च

कंपनीकडून अजून काही नाही. अँ.च्या हॉटेलातल्या पार्ट्या रद्द होताहेत. म्हणतो, "युद्ध झालं तर आपलं अर्ध्यातलं अर्धं कोण घेणार, कर्णिक?" मी म्हटलं, आधी आपल्याला मिळू दे.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा फिलू फोनवर गॅस सिलिंडर मागवत होती. नाव विचारलं असावं. "फिलोमिना लोपीस," सावकाश, दोन्ही शब्द वेगवेगळे. फ्लॅट नंबर. पुन्हा एकदा, "लोपीस. एल फॉर लंडन."

तिनं ठेवल्यावर मी विचारलं, गॅस संपला?

"नाही, आहे अर्धा अजून," ती म्हणाली. "असू दे एक जास्तीचा."

शु. टेबलाशी बसून कांदा चिरत होती. उठून आत गेली. डोळ्यांना लागला म्हणाली.

शनि., ८ मार्च

रीमाचा फोन, ऑफिसात, मी पानाच्या मध्यात. कमिटीनं फाइल मंजूर केली. पुढच्या शनिवारी, पंधराला, चौघांनी सह्यांना यायचं. "काँग्रॅच्युलेशन्स, मिस्टर कर्णिक. तुमचा फ्रिज मी कमिटीला सांगितला." तेव्हा लिहून घेतलंच होतं तर.

पान दहा मिनिटं उशिरा गेलं. माझ्या नोकरीत असं दुसऱ्यांदा.

घरी आरडाओरडा. अँ.नं ईशाला उचलायचा प्रयत्न केला; ती आता त्याच्या खांद्याएवढी. "पुट मी डाउन, काका, युवर बॅक!" फिलू रडली, मग रडल्याबद्दल स्वतःवर चिडली. शु.नं शिरा केला. चांगला झाला होता, पण तिनं चमचाभर घेतला.

रात्री एवढंच म्हणाली, "सह्यांच्या आधी सांगायला हवं फिलूला."

मी म्हटलं, आता कशाला? सगळं झालं नीट.

"आता ती माझ्याबरोबर घर घेतेय. कोणाबरोबर घेतेय ते कळायला नको तिला?"

नोव्हेंबरात मी दिलेला 'आत्ता नको' हा सल्ला चुकीचा होता, हे बहुधा आज ठरलं.

गुरु., १३ मार्च

सांगितलं नाही अजून. काल तोंडातून निघणारच होतं म्हणते, तेवढ्यात फिलूनं पडद्याचं कापड पुढं केलं. निळं का पिवळं? निळं ठरलं.

शु.ला स्वतःला हो म्हणायचंय का, हे मी आज सरळ विचारलं. "मला ते घर हवंय," ती म्हणाली. "पहिल्यांदा नको होतं, आता हवंय. म्हणूनच सांगायचंय. ती नको म्हणाली तर मात्र नाही घ्यायचं. तुम्ही तिला समजवायला जायचं नाही."

कबूल केलं.

शुक्र., १४ मार्च

उद्या सह्या, दहा वाजता.

सुरमई आणलीय. तळायची तयारी अँ.नं केली. पाचच्या सुमाराला शु. म्हणाली, "फिलू, खाली चल ना जरा." दोघी गेल्या. फिलूनं घरातलाच गाऊन घातला होता, वर ओढणी.

अर्धा तास झाला तसा अँ. विचारायला लागला. "या दोघी गेल्या कुठे?"

"बोलताहेत खाली."

"काय बोलतात? चोवीस तास एकमेकींच्या समोर तर असतात."

मी काही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही. ईशा अभ्यासाला बसलीय, तिसऱ्या खोलीत, दार उघडं टाकून.

खिडकीतून बाग दिसते. बाकावर दोघी. पहिल्यांदा शु. बोलत होती, मान खाली. फिलू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत समोर बघत होती. एक मांजर येऊन गेलं. मग फिलू उठली, दोन पावलं चालली, पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, झालं. शु. बसूनच राहिली, तिच्या मागं गेली नाही.

फिलू परत आली. बसली. आता ती बोलतेय, हात हलवत, पुष्कळ. एवढ्या लांबून राग आहे की काय ते कळत नाही. शु. ऐकतेय. मध्येच दोघी एकदम बोलल्या, एकदम थांबल्या.

अँ. मागून, "कढई ठेवू का?"

"थांब थोडं."

खाली बघितलं तर बाक रिकामा. जिन्यात पावलांचा आवाज नाही. पुन्हा वाकून बघितलं. दोघी बागेच्या फाटकातून बाहेर पडत होत्या, घराकडे नाही, कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटच्या बाजूला. फिलू पुढं, शु. एक पाऊल मागं. रस्ता ओलांडताना गाडी आली तशी फिलूनं मागं न बघता हात मागं केला. शु.नं तो धरला की नाही, गाडी मध्ये आली, दिसलं नाही.

पलीकडे पोचल्या तेव्हा शेजारी शेजारी चालत होत्या.

पैशाचं पाकीट शु.नं नेलेलं नाही, इथंच टेबलावर आहे. म्हणजे पैसे फिलूचे. काय आणायला गेल्यात कोण जाणे.

अँड्र्यूला म्हटलं, ठेव कढई. पाच जणांची ठेव.